अठराला वीस दिवस कमी

माझ्या भाचीला कल्याणच्या एका मॉलमधल्या सिनेमागृहाच्या दारातून परत पाठवलं, तेव्हा तिचं लग्न ठरून आठ दिवस झाले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मला दिसत होतं ते एवढंच, की माझ्या हातात दोन तिकिटं आहेत आणि निळ्या शर्टातला एक माणूस तिचं आधार कार्ड नाकाशी धरून मनातल्या मनात काहीतरी मोजतोय.

"मॅडम, एक जूनला अठरा पूर्ण होतात हिला. अजून वीस दिवस आहेत. सिनेमा ए आहे. नाही सोडता येणार."

मी त्याच्याशी भांडले. लाज वाटावी इतकं भांडले. वीस दिवस आधी पाहिलं तर आभाळ कोसळणार आहे का, असं मी मोठ्यानं विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "आभाळ नाही कोसळत मॅडम, माझी नोकरी जाते." मागच्या रांगेतले लोक हसले. मी आणखी काही बोलणार तेवढ्यात भाचीनं माझा दंड धरून मागे ओढलं.

"बरोबर हाय त्यांचं मावशी. मी लहान हाय अजून." आणि हे म्हणताना तिचा चेहरा असा फुलला होता, की मला काही कळेना. परत पाठवलेल्या माणसाचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

त्या माणसाचं बरोबर होतं, हेच मला जास्त झोंबलं. कारण सिनेमा कुणी कोणत्या वयात पाहावा हे लिहून मी पोट भरते.

शहापुरात स्टँडच्या मागे माझी भाड्याची खोली आहे. एका कंपनीकडून मला तिथे सिनेमे येतात, आठवड्याला पाच-सहा. मी ते बघायचे आणि नोंदी करायच्या. कितव्या मिनिटाला शिवी, कितव्या मिनिटाला रक्त, कुणी कुणाला कुठे हात लावला आणि किती वेळ ठेवला, सिगारेट पेटवली की नुसती ओठात धरली. मग एक लांबच लांब तक्ता भरायचा. त्यात देशांची नावं आणि प्रत्येक देशापुढे वय. मी वय सुचवते, ठरवणारे वर दुसरेच कुणी असतात. पण बहुतेकदा ते माझंच उचलतात, कारण अख्खा सिनेमा बघायला त्यांना वेळ नसतो. आमच्या पाड्यावर सगळ्यांना वाटतं, की मी दिवसभर पिक्चर बघते आणि त्याचा पगार घेते. ते खरंच आहे.

सुरुवातीला मला वाटायचं, एवढे देश, एवढे शिकलेले लोक, तर काहीतरी विचार केला असेल. सहा महिन्यांत तो भ्रम गेला.

अमेरिकेत एखाद्यानं बंदुकीनं माणसांची रांगच्या रांग लोळवली आणि रक्त फार दाखवलं नाही, तर तेरा वर्षांच्या पोरानं ते खुशाल बघावं. पण अंगावरची चादर जरा जास्त सरकली, की पोरानं सतरा वर्षं थांबावं नाहीतर आईबापाला शेजारी घेऊन बसावं. ज्यांनी कुणी हे ठरवलं त्यांना कोणत्या आईबापांनी जन्म दिला होता कोण जाणे; चादर सरकल्यावर शेजारी आई असण्यापेक्षा गोळी लागलेली बरी. त्यांची एक ठरावीक शिवी आहे. ती एकदा दिली तर सहसा चालून जाते, पुन्हा दिली की वय वाढतं. मी इथे शहापुरात वहीत रेघा मारत ती मोजते. माझ्या बापानं एका बैलाला एका सकाळी जेवढ्या शिव्या दिल्या असतील, तेवढ्यात हॉलिवूडचं अख्खं वर्ष मोठ्यांसाठी राखून ठेवावं लागेल.

इंग्रज त्याहून नमुनेदार. ते नुसतं वय देऊन गप्प बसत नाहीत, खाली कारणही लिहितात. सौम्य धोका. सौम्य शिवीगाळ. सौम्य या शब्दावर त्यांचा फार जीव. एवढी वर्षं इथे येऊन राज्य केलं, ते त्यांच्या हिशेबानं सौम्य होतं की कसं, असं त्यांना एकदा पत्र लिहून विचारावं असं मला वाटतं. जर्मनीत शून्य, सहा, बारा, सोळा, अठरा अशा शिडीच्या पायऱ्या. पण बाराचा सिनेमा सहाच्या पोराला आईबापाचं बोट धरून बघता येतो, म्हणजे बोट धरलं की भीती निम्मी होते असं जर्मन शास्त्र सांगतं. फ्रान्समध्ये बहुतेक सगळं सगळ्यांना. हे ते तत्त्वानं करतात की आळसानं, मला माहीत नाही. तिथला रकाना भरायला वेळ लागत नाही म्हणून मला तो देश आवडतो.

स्वीडनमध्ये पंधराच्या वर शिक्काच नाही. पंधरावं लागलं की माणूस मोकळा, काय बघायचं ते बघ. सिंगापुरात मात्र एकवीसचा शिक्का आहे. म्हणजे पंधरा वर्षांची पोर स्वीडनमध्ये विमानात मोठी बाई म्हणून चढली, तर सिंगापुरात उतरते तेव्हा मोठी व्हायला तिला सहा वर्षं बाकी असतात. वाटेत नुसता नाश्ता झालेला असतो.

आपलं काय सांगावं. पूर्वी यू, यूए आणि ए होते. आता यूएचे तीन तुकडे केलेत, सात, तेरा आणि सोळा. घरच्यांनी आपापलं बघून ठरवावं म्हणून. घरच्यांनी! असाच एक सोळाचा सिनेमा मी पाहिला, त्यात सासरा सुनेला घासलेट ओतून पेटवतो आणि त्यासाठी काडी ओढताना त्याच्या तोंडात विडी आहे, म्हणून खाली पट्टी येते, की धूम्रपान आरोग्याला अपायकारक आहे. मी तक्त्यात सोळा लिहिलं आणि चहा प्यायला उठले. उठताना मला काही वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते.

या सगळ्या शहाण्या देशांना एक गोष्ट धरून चालावी लागते, ती म्हणजे दारात उभ्या असलेल्या पोराचं वय ठाऊक आहे. आमच्याकडे नेमकी तीच पंचाईत.

मुरबाड तालुक्यात धसईच्या वर, डोंगराला लागून आमचा पाडा. तिथली निम्मीअधिक माणसं एक जूनला जन्मली आहेत. बाळंतपण घरात, तारीख कुणी लिहिलेली नाही, लक्षात ठेवायचं ते झोडणीच्या वेळी झाला, लावणीच्या वेळी झाली असं. मग शाळेत नाव घालायची वेळ आली, की गुरुजी जन्मतारीख म्हणून एक जून टाकायचे. शाळा जूनमध्ये भरते, त्यामुळे एक जून धरलं की पोर शाळेच्या पहिल्या दिवशी सहा पूर्ण. आता फोन आल्यावर आमच्या पाड्याच्या ग्रुपात एक जूनला एकमेकांना केकचे एवढे फोटो जातात, की बघूनच पोट भरतं. अशा वेळी मी तो ग्रुप बंद करून ठेवते.

आणि कोणतं साल धरायचं, त्यासाठी कान. पोरानं उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायचा. बोटं कानाला पोचली तर सहा झाली, नाही पोचली तर घरी जा, पुढच्या वर्षी ये. इतर शाळांनी ही पद्धत केव्हाच सोडली होती. अंगणवाडीतून यादी येते, दाखले मागतात. पण आमच्या गुरुजींचं निवृत्तीचं वर्ष होतं, पट घसरला होता आणि पट आणखी घसरला असता तर शाळेला कुलूप लागलं असतं. कानाला बोट लागलं की त्यांना पुरत होतं. जर्मनांना शिडी, इंग्रजांना सौम्य धोका, आम्हाला कान. खरं सांगायचं तर कान त्यातल्या त्यात बरा, कारण तो निदान पोराच्या अंगावरचा असतो.

माझ्या भाचीचा हात कानाला मी पोचवला. आईवडील गेल्यावर मला ताईनं सांभाळलं होतं, मी तिच्याच घरी राहून मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. ताई आणि भाऊजी मजुरीला जायचे. पोर साडेचार वर्षांची. मी तिला गुरुजींपुढे उभी केली, तिचं डोकं हळूच खांद्याकडे वाकवलं, कोपर धरून ताणलं आणि बोटं कानाच्या पाळीला टेकवली. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं, त्यांना दिसायचं ते दिसलं असणार. ते म्हणाले, "पोचला." आणि लिहिलं, एक जून, सहा पूर्ण. पालकाच्या जागी सही मी केली. शाळेत गेली तर खिचडी तरी पोटात जाईल, ताईच्या डोक्याचा भार हलका होईल, म्हणून केलं, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले.

तर त्या मॉलमध्ये आम्ही तिकिटं वाया घालवून बाकावर बसलो. बारावीची परीक्षा संपली म्हणून मी तिला घेऊन आले होते आणि कोणता सिनेमा म्हटल्यावर तिनं सांगितलं होतं, जो मला बघून देत नाहीत तो. आता ती पाय हलवत बसली होती.

"मावशी, मी खरी कितीची?"

"साडेसोळा. झोडणीच्या वेळची तू. का?"

"माझं लगीन ठरलंय. चार जूनला. आय बोलली, मावशीला सांगू नको." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "एक तारखेला अठरा भरतात ना, म्हणून चार धरली. बाबा बोलला, कायद्याचं लचांड नको. मावशी, मला नाय करायचं. मला तुझ्याकडं राहून पंधरावी करायचीय. तू वय लिवतेस ना सगळ्यांचं? माझं लिव की खरं."

दारावरच्या त्या निळ्या शर्टाला वीस दिवस दिसले होते. आम्हा घरच्यांना दीड वर्ष दिसलं नव्हतं. मगाशी मी ज्याच्या अंगावर धावून गेले, तो त्या दिवसापर्यंत तिला लहान म्हणणारा एकटाच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडला आणि तिथून एस.टी. बदलून धसईला गेले, वरचं चालत. ताई शेतावर होती. रोपांसाठी जमीन भाजून झाली होती आणि तिचे हात कोपरापर्यंत राखेनं भरले होते. माझ्याकडे बघताच तिनं ओळखलं.

"आलीस? सांगितलं वाटतं पोरीनं."

"ताई, ती साडेसोळाची आहे."

"कागदावर अठरा हायेत."

"कागदावर मी लिहायला लावलेत."

"मंग?" ताईनं राख झटकली. "बरं केलंस ना. आता कामाला आलं."

भाऊजी बांधावर बसून दोरी वळत होते. मान वर न करता म्हणाले, "आमी काय गुन्हा करतो काय गो? एक तारीख उलटल्यावर करतो. कायद्यात बसवून करतो."

आमच्या पाड्याला कायद्याचा एवढा आदर मी पहिल्यांदाच पाहिला. रेशन कार्डावर मेलेली माणसं जिवंत ठेवणारे हे लोक, लग्नाच्या बाबतीत मात्र तीन दिवस पुढची तारीख काढून बसले होते. तिकडे अमेरिकेत शिवी एकदाच दिली म्हणून हात वर करतात, इकडे हे. मला दोन्हींची सारखीच किळस आली.

"मुलगा चांगला हाय," ताई म्हणाली. "तानसाच्या बाजूचा. भिवंडीला गोदामात कामाला हाय. दारूला शिवत नाय. आन काय पायजे? शिकली की हिच्या जोडीचा मिळायचा नाय. तू शिकलीस, तुझं काय झालं? बत्तीस वर्षांची होऊन पिक्चर बघत बसलीस."

गावात बालविवाह थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकाची. आमचा ग्रामसेवक वाईट माणूस नाही, त्यामुळे त्याच्यावर नीट रागावताही येत नाही. त्यानं शाळेचा दाखला पाहिला, आधार पाहिलं आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवले.

"मॅडम, दोन्हीकडे एक जूनला अठरा. मी कुठल्या तोंडानं लग्न थांबवू?"

"तिच्याकडे बघा ना. ती अठराची दिसते का?"

"बघून ठरवायची सोय नाही. दुसरा कागद आणा. आणि हा दाखला चुकीचा आहे, असं लिहून देणारा माणूस आणा. ज्यानं नाव घातलं तो."

"तो मीच आहे."

"मग आधी कागद आणा."

कागद अंगणवाडीत सापडला. सेविका म्हातारी होत आलेली, मला लहानपणापासून ओळखणारी. तिनं पत्र्याची पेटी उघडली, आतून वजनांची रजिस्टरं काढली, उंदरांनी कडा खाल्लेली, आणि पहिल्या झटक्यात पान उघडलं. भाचीचं नाव, डिसेंबरातली तारीख, जन्माचं वजन सव्वादोन किलो. पुढे महिन्यामहिन्याला वजन आणि प्रत्येक वजनापुढे तिची सही. डोंगर चढून दर महिन्याला ताजवा घेऊन यायची ती. साऱ्या देशांचे तक्ते भरताना माझ्या मनात कुणाबद्दल आदर उरला नव्हता. त्या पानासमोर तो आला.

"माझ्याकडं सगळ्यांचं खरं वय हाय गो," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत कोन इचारायलाच आलं नाय."

तिसऱ्या दिवशी पंचायतीच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. ताई, भाऊजी, भाची, मुलाकडून त्याचा काका आणि सेविका, रजिस्टर मांडीवर घेऊन. ताईनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. ग्रामसेवकानं मला कोरा कागद दिला आणि मजकूर सांगायला लागला. "लिहा. सन अमुक तमुक, शाळाप्रवेशाच्या वेळी माझ्याकडून नजरचुकीने मुलीचे वय जास्त सांगितले गेले. नजरचुकीने लिहा, म्हणजे कुणालाच त्रास नाही. मिटून जाईल."

मी लिहिलं, नजरचुकीने. आणि पेन थांबलं. हा शब्द मी ओळखत होते. इंग्रजांच्या सौम्यचा हा सख्खा भाऊ. रोज दुसऱ्यांच्या सिनेमांना मी असले शब्द डकवते आणि तिकडच्या लोकांना हसते.

तेवढ्यात ताई बोलली, पण माझ्याशी नाही, मुलाच्या काकाशी. "ती काय वाईट बुद्धीनं नाय बोलली हो तवा. आमचे हाल बघवत नव्हते तिला. आमच्यासाठी बोलली खोटं." रागावून तोंड फिरवून बसलेली माझी बहीण, आणि तरी परक्या माणसापुढे माझी बाजू घेत होती.

मला ते सहन झालं नाही. "तुमच्यासाठी नाही, ताई," मी म्हणाले. "माझ्यासाठी. तू कामाला गेलीस की पोर माझ्या गळ्यात असायची. माझे तास बुडत होते. कॉलेजानं सांगितलं होतं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. मला तिला कुठेतरी सोडून सकाळची एस.टी. पकडायची होती. खिचडीबिचडी नंतर सुचलं."

भाऊजींनी पहिल्यांदा मान वर केली. मी नजरचुकीनेवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, की मला कॉलेजला जायचे होते आणि मुलीला सांभाळायचे नव्हते, म्हणून मी तिचे वय दीड वर्षाने वाढवून सांगितले, ते खोटे आहे हे मला तेव्हाही माहीत होते. सही केली. ग्रामसेवक वाचून म्हणाला, "एवढं लिहायची गरज नव्हती." मी म्हटलं, होती.

मुलाचा काका उठला. टोपी घातली आणि सरळ सांगितलं, "आमाला पोलिसाचं लचांड नको. पोर लहान हाय हे आदी सांगायचं व्हतं." आणि तो गेला. इतक्या दिवसांत तिला लहान म्हणणारा तो दुसरा माणूस, आणि त्यालाही ते कागद बघितल्यावर दिसलं. ताई मागोमाग उठली. दारातून जाताना तिनं एवढंच म्हटलं, "घेऊन जा तिला. तुलाच कळतं सगळं." तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. तिचा राग रास्त आहे. लग्न मोडलं म्हणून तर आहेच, पण बारा वर्षं मी तिला माझ्या उपकाराखाली ठेवलं, त्याचा जास्त असावा.

एस.टी.त भाची खिडकीशी बसली. सरळगाव येईपर्यंत बाहेर बघत राहिली. मग विचारलं, "मी रडायची का गं मावशी तवा? शाळंत?"

"हो."

"लय?"

"खूप. माझी ओढणी सोडायची नाहीस. मी बोटं एकेक करून सोडवायचे आणि स्टॉपकडे पळायचे. एकदा तू फाटकापर्यंत मागे आलीस, चड्डी ओली झाली होती तुझी. मी पाहिलं आणि तरी एस.टी.त चढले."

हे सांगताना मला स्वतःची शिसारी आली, आणि ती अजूनही गेलेली नाही. माझं कॉलेज, माझं इंग्रजी, माझी शहापूरची खोली, जगातल्या सगळ्या देशांकडे बघून नाक मुरडायची माझी ऐट, सगळं त्या फाटकापाशी उभं आहे. तिच्याकडून मी माफीची वाट बघितली नाही आणि तिनं ती दिलीही नाही. तिनं फक्त डोकं मागे टेकलं आणि शहापूर येईपर्यंत झोपली.

ती आता माझ्याकडे आहे. कॉलेजचा अर्ज भरलाय, दाखल्यातली तारीख बदलायचे कागद फिरताहेत, ते फिरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागेल. एक जूनला तिच्या फोनवर पाड्याच्या ग्रुपातून केक आले. तिनं सगळ्यांना उत्तर पाठवलं, की माझा आज नाय, डिसेंबरात हाय.

चार जूनला सकाळी कामाला बसले तेव्हा कंपनीकडून एक सिनेमा आला होता. लग्नाची तारीख मी विसरले नव्हते, भाची विसरली असेल अशी आशा होती. ती दारात उभी राहून केस पुसत होती. पहिल्या पाच मिनिटांतच मला कळलं, की हा कुठल्याही देशात अठराच्या खाली जाणार नाही, फ्रान्समध्येसुद्धा नाही. मी पडदा थांबवला.

"बाहेर जा. हा तुझ्यासाठी नाही. लहान आहेस तू."

कल्याणच्या दारात फुलला होता तसा तिचा चेहरा फुलला. टॉवेल खांद्यावर टाकून ती तिथेच उभी राहिली.

"परत बोल," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटचं."

"लहान आहेस तू," मी म्हटलं. "बाहेर जा."

ती गेली. जाताना दार तिनंच ओढून घेतलं.